आईबाबा दिवसभर घरी एकटे असतात? मोबाईल, मशीन, सेन्सरची सुरुवात कुठून करायची

मी नागपूरचा, शहराबाहेर मिहानमध्ये नोकरीला आहे, घर मानेवाड्याला. मी साडेआठला निघतो, बायको शाळेत शिकवते ती त्याच्याही आधी, मुलगी शाळेत, म्हणजे दुपारपर्यंत घरात फक्त आई आणि बाबा. आई ७२ ची, शुगर आणि बीपी दोन्ही. बाबा ७७ चे, रेल्वेतून रिटायर, गुडघे दुखतात आणि ऐकू कमी येतं, पण डोकं एकदम शार्प. ताई पुण्याला.

मागच्या पावसाळ्यात आई बाथरूममध्ये घसरली. बाबा हॉलमध्ये पेपर वाचत होते, त्यांना आवाज गेला नाही, आईचा फोन बेडरूममध्ये चार्जिंगला होता आणि बाथरूमची कडी आतून लावलेली. जवळपास चाळीस मिनिटं ती तिथेच पडून होती. बाबांना कळलं तेव्हा त्यांनी मला फोन केला, आता मी मिहानमधून निघून कधी पोचणार, शेवटी समोरच्या काकूंच्या मुलानं येऊन कडी तोडली. नशीब की हाड मोडलं नाही, मनगटावरच निभावलं. पण त्या रात्री मी झोपलोच नाही, मोबाईलवर एकामागे एक वस्तू पाहत बसलो आणि कॅमेरा, घड्याळ, स्पीकर सगळं एकदम ऑर्डर केलं. त्यातलं अर्धं आज कपाटात आहे. जे कामी आलं ते आणि ज्या क्रमानं करायला पाहिजे होतं तो क्रम इथे लिहून राहिलो, म्हणजे तुमचा वेळ आणि पैसा वाचेल.

पहिली पायरी: दोन दिवस नुसतं पाहा

काहीच विकत घेऊ नका. एक शनिवार-रविवार घरी थांबा आणि वहीत लिहा: किती वाजता उठतात, गोळ्या कधी घेतात, आंघोळ कधी, दुपारी कोण झोपतं, बेल वाजली की दार कोण उघडतं, फोन कुठे ठेवलेला असतो. मला वाटायचं आई गोळ्या विसरते. पाहिल्यावर कळलं सकाळची कधीच विसरत नाही, दुपारची विसरते, कारण दुपारचं जेवण कधी एकला होतं तर कधी अडीचला. बाबा रात्री तीनदा उठतात आणि लाईट न लावता जातात, आईची झोप मोडू नये म्हणून. आणि दोघांचाही फोन कधीच अंगाशी नसतो. आमच्या घरचे प्रश्न हे तीन होते आणि मी ऑर्डर केलेल्या वस्तूंपैकी एकही यातला एकही प्रश्न सोडवत नव्हती.

दुसरी: अलार्म वाजला तर पोचणार कोण?

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमच्या फोनवर अलर्ट येईल हो, पण तुम्ही ऑफिसात नाहीतर पुण्यात, नाहीतर अजून कुठे. दहा मिनिटांत दारात उभा राहील असा माणूस कोण ते आधी ठरवा, आणि त्याला विचारून ठरवा, गृहीत धरू नका. आमच्याकडे समोरच्या काकू पहिल्या, त्यांचा मुलगा दुसरा आणि गल्लीच्या कोपऱ्यावरचे मेडिकलवाले दादा तिसरे. काकूंकडे घराची डुप्लिकेट किल्ली दिली. बाथरूमची जुनी कडी काढून बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येईल असं लॉक बसवलं, आणि आईला सांगितलं की आता आंघोळीला जाताना बाबांना सांगून जायचं. याला टेक्नॉलॉजी म्हणत नाहीत, पण हे नसेल तर पुढचं सगळं फुकट आहे.

एका कागदावर मोठ्या अक्षरात नंबर लिहून फ्रीजवर लावा: ११२ कुठल्याही इमर्जन्सीसाठी, १०८ अँब्युलन्स, १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाईन, १९३० सायबर फसवणुकीसाठी, मग आपले तीन माणसं, मग डॉक्टर. त्याच कागदावर घराचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूण लिहा, घाबरलेल्या माणसाला स्वतःचाही पत्ता नीट सांगता येत नाही, हे मी पाहिलं आहे. आणि एक ओळ लकव्याची: तोंड एका बाजूला वाकडं झालं, हात उचलता येत नाही, बोलणं अडखळतं, तर घड्याळात वेळ पाहायची आणि लगेच १०८. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, त्यामुळे "झोपून उठला की बरं वाटेल" असं म्हणत थांबायचं नाही.

तिसरी: त्यांना विचारा

मी न विचारता हॉलमध्ये कॅमेरा लावला. बाबा दोन दिवस बोललेच नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मी काय कैदी आहो का आपल्याच घरात? काहून पाहून राहिला तू मले दिवसभर?" त्यांचं बरोबर होतं. चाळीस वर्षं नोकरी केलेला माणूस, बनियनवर बसलेला असताना पोरगा ऑफिसातून पाहतो हे त्याला का आवडावं. मी माफी मागितली, कॅमेरा काढला आणि बाहेरच्या दाराकडे तोंड करून लावला. त्याचं ॲप बाबांच्याही फोनमध्ये टाकून दिलं. आता बेल वाजली की ते बसल्या जागी पाहतात कोण आलं, आणि अनोळखी असला तर उठतही नाहीत. आधी त्यांच्यावर नजर होती, आता नजर त्यांची आहे, फरक एवढाच, पण घरातलं वातावरण बदललं. बेडरूम-बाथरूममध्ये कॅमेरा कधीच नाही. आणि कॅमेरा घेतला की कंपनीचा आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला, लॉगिनला ओटीपीवालं दुहेरी व्हेरिफिकेशन चालू करा.

आता फोन

नवीन फोन घेऊन देऊ नका, ज्याची सवय आहे तोच नीट करा. एका दुपारी सोबत बसून हे करायचं:

- अक्षरं आणि डिस्प्ले दोन्ही मोठे करा, सेटिंगमध्ये दोन वेगळे पर्याय असतात.
- होम स्क्रीनवर फोन, व्हॉट्सॲप, कॅमेरा, टॉर्च आणि चार माणसांचे फोटोवाले शॉर्टकट, बाकी सगळं आत. फोटोवर बोट ठेवलं की थेट फोन लागला पाहिजे.
- ऐकू कमी येत असेल तर रिंग वाजताना फ्लॅश चमकेल असं सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत चालू करा.
- लॉक स्क्रीनवर इमर्जन्सी माहिती भरा: रक्तगट, शुगर-बीपी, कुठल्या औषधाची ॲलर्जी, तुमचा नंबर. फोन लॉक असला तरी अँब्युलन्सवाल्याला दिसते.
- इमर्जन्सी एसओएस. बऱ्याच नव्या अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचं बटन पाचदा भराभर दाबलं की चालू होतं. कोणाला फोन आणि लोकेशन जाणार ते आधी भरून ठेवा. चुकून ११२ ला लागू नये म्हणून आधी फक्त घरच्यांचे नंबर टाकून सराव करून घ्या.

आणि सगळ्यात स्वस्त गोष्ट म्हणजे गळ्यात अडकवायची फोनची दोरी. आईला आधी लाज वाटायची, मग तिनं स्वतःच कापडाची छोटी पिशवी शिवली, आता आंघोळीला जातानाही पिशवी बाथरूमच्या खुंटीला असते, हात पोचेल इतक्या खाली लावलेल्या खुंटीला. जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात कुठवर जातो ते बसून पाहा आणि तिथे लावा.

बाबांसाठी अजून एक सापडलं, लाइव्ह ट्रान्सक्राइब नावाचं गूगलचं ॲप. समोरचा बोलतो ते स्क्रीनवर अक्षरात येतं, मराठीतही. डॉक्टरकडे गेलो की बाबा फोन टेबलावर ठेवतात. काही शब्द चुकतात, पण आता डॉक्टर काय म्हणाले ते मला विचारत नाहीत, स्वतः वाचतात.

गोळ्या

रिमाइंडरचे ॲप दोन-तीन वापरून पाहिले, आईला त्यातलं काही जमलं नाही. जे जमलं ते असं: आठवड्याची डबी, सात दिवस गुणिले तीन खाने. रविवारी रात्री मुलगी आणि आई मिळून भरतात. आणि फोनच्या साध्या घड्याळात अलार्म, पण ट्यून म्हणून मुलीचाच आवाज रेकॉर्ड करून टाकला, "आजी, जेवण झालं का, आता पांढरी गोळी घे." नुसत्या टींटींकडे आई लक्ष द्यायची नाही, नातीचा आवाज आला की उठते. दुपारचा अलार्म आम्ही दीडला लावला आणि जेवणही दीडचं ठरवून टाकलं, खरा उपाय तोच होता.

डॉक्टरनं औषध बदललं की त्याच दिवशी जुनी पट्टी घरातून बाहेर. एकच औषध दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावानं दोनदा खाल्लं जातं, आमच्याकडे होता होता वाचलं. म्हणून चिठ्ठीचा आणि प्रत्येक पट्टीच्या मागच्या बाजूचा फोटो एका वेगळ्या अल्बममध्ये ठेवा, ब्रँडचं नाव नाही तर खाली बारीक छापलेलं औषधाचं नाव जुळवायचं.

बीपी आणि शुगरचं मशीन

बीपीचं मशीन दंडावर बांधायचं घ्या, मनगटाचं स्वस्त आणि सोपं दिसतं पण हाताची जागा जरा हलली की आकडा बदलतो. कफवर, म्हणजे दंडाला गुंडाळायच्या पट्ट्यावर, सेंटीमीटरमध्ये माप छापलेलं असतं, टेपनं आईचा दंड मोजून मगच घ्या, छोटा कफ लावला तर बीपी उगाच जास्त दिसतं. घेतल्यावर एकदा डॉक्टरकडे घेऊन जा आणि त्यांच्या मशीनशी ताडून पाहा.

मोजायची पद्धत चुकते तिथेच सगळा घोळ होतो. आधी अर्धा तास चहा नाही, फिरणं नाही. लघवी लागली असेल तर जाऊन या. खुर्चीत पाठ टेकवून पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीवर सरळ, एकावर एक नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला, कफ उघड्या दंडावर, साडीच्या पोलक्यावरून नाही. मोजताना बोलायचं नाही, हे आईला सगळ्यात कठीण. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा.

शुगर मोजताना हात साबणानं धुऊन कोरडे करा. संत्रं सोलून तसंच बोट टोचलं तर संत्र्याची साखर मोजली जाते, आमच्याकडे ३०० च्या वर आकडा आला होता, धुऊन पाहिलं तर १६०. स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच बंद, तारीख पाहून घ्या. ७० च्या खाली आलं, किंवा घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं, तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत मोजा. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८.

आता नागपूरची खास गोष्ट. ही मशीन साधारण १० ते ४० डिग्रीत चालायला बनवलेली असतात आणि स्ट्रिप ३० च्या आत ठेवायच्या असतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, बंद खोलीतल्या कपाटात ठेवलेलं ग्लुकोमीटर सरळ एरर दाखवतं. मशीन बिघडलं म्हणून फेकू नका, कूलरच्या खोलीत आणून अर्धा तास ठेवा. स्ट्रिप फ्रीजमध्ये मात्र नाही, दमट होतात. न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ डिग्रीत, फ्रीजरला चिकटून नाही.

नोंदीसाठी ॲप नाही. "आईबाबा तब्येत" नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, आई मशीनच्या स्क्रीनचा फोटो काढून टाकते, ताई पुण्याहून अंगठा देते. फोटोवर तारीख-वेळ आपोआप येते. डॉक्टरकडे गेलं की ग्रुप उघडून मागचे पंधरा दिवस दाखवायचे. आणि दहापर्यंत फोटो आला नाही तर आम्ही फोन करतो, म्हणजे रोजची हजेरीही होऊन जाते.

रात्रीचा उजेड आणि उन्हाळ्याचा कूलर

बेडपासून बाथरूमपर्यंत सेन्सरवाले छोटे एलईडी लावा, माणूस चालला की लागतात, नंतर आपोआप बंद. चार्ज करायचे असतात, चिकटवायचे असतात, भिंत फोडा लागत नाही. गुडघ्याच्या उंचीला लावा, डोळ्यात उजेड जात नाही आणि दुसऱ्याची झोप मोडत नाही. बाबांसाठी केलेल्या सगळ्या खर्चात हा सगळ्यात कमी आणि सगळ्यात उपयोगी.

कूलरबद्दल मात्र हात जोडून सांगतो. दर उन्हाळ्यात आपल्या भागात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पत्र्याचा कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय आणि पाणी भरायला गेलेलं म्हातारं माणूस. मार्चमध्ये कूलर बसवतानाच इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासा आणि मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी बसवून घ्या, दुकानात आरसीसीबी म्हणूनही मिळतो. करंट लीक झाला की तो क्षणात लाईन तोडतो. त्यावर टेस्टचं बटन असतं, महिन्यातून एकदा दाबून पाहा, खटका पडला पाहिजे. पाणी भरायला पाईप आणि फ्लोट वॉल्व्ह (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करतो तो) लावून द्या म्हणजे बादल्या उचलायचं कामच नको. आणि घरात नियम: बटन बंद करून प्लग काढल्याशिवाय कूलरला हात नाही.

लाईट गेली की वायफाय जातं, वायफाय गेलं की कॅमेरा वगैरे सगळं जातं. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, राउटरच्या ॲडॉप्टरवर किती व्होल्ट लिहिलं ते पाहून घ्या.

घड्याळ आणि स्पीकर

पडल्याचं ओळखणारी घड्याळं चांगल्या कंपन्यांची असतात, महाग आहेत, रोज-दोन दिवसांनी चार्ज करावी लागतात आणि प्रत्येक पडणं ओळखतील असं नाही. आईनं आठवड्यात काढून ठेवलं. तुमच्या घरी आधीपासून घड्याळ घालायची सवय असेल तरच घ्या. स्वस्त घड्याळातल्या बीपीच्या आकड्यावर गोळी कमीजास्त करू नका, कधीच. स्पीकर बाबा भजनं आणि बातम्यांसाठी वापरतात, हिंदीत बोलावं लागतं, एवढंच.

फसवणूक

इथे थांबून नीट वाचा, कारण पडण्याइतकाच हा धोका खरा आहे. बाबांना मेसेज आला होता की आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा. ते फोन करणारच होते, आईनं थांबवलं. लग्नपत्रिका म्हणून, चलान म्हणून एपीके फाईल (म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाईल) येते, उघडली की फोनच दुसऱ्याच्या हातात. व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा ड्रेस घालून "डिजिटल अरेस्ट" म्हणतात, अशी अटक कायद्यात नाहीच, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनीही "मन की बात" मध्ये हे सांगितलं होतं.

फोनमध्ये करायचं: व्हॉट्सॲपमध्ये टू स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन टाका, अनोळखी नंबरचे कॉल सायलेंट करा, आणि सेटिंगमध्ये व्हॉट्सॲप-क्रोमला बाहेरचे ॲप इन्स्टॉल करायची परवानगी बंद करा. बँकेत करायचं: पेन्शनचं खातं यूपीआयला जोडूच नका, दुसऱ्या खात्यात चार-पाच हजार ठेवून ते जोडा. किंवा यूपीआय सर्कल वापरा, २०२४ मध्ये आलं, त्यात पैसे तुमच्या खात्यातून जातात आणि आईबाबा त्यांच्या फोनवरून देतात, पूर्ण मुभा दिली तरी महिन्याला १५ हजारांची मर्यादा आहे, नाहीतर प्रत्येक वेळी तुम्ही मंजूर करायचं असंही ठेवता येतं.

आईबाबांना एवढंच पाठ करवलं: पैसे घ्यायला पिन लागत नाही, आणि कोणीही घाई केली की फोन ठेवून पोराला लावायचा. आणि मी त्यांना शब्द दिला की काही झालं तरी ओरडणार नाही. हे फार गरजेचं आहे. पोरगं रागावेल म्हणून म्हातारी माणसं दोन-दोन दिवस सांगत नाहीत आणि पहिले काही तासच महत्त्वाचे असतात, १९३० ला लवकर फोन गेला तर पैसे वाटेतच रोखता यायची शक्यता असते.

कागदपत्रं, वर्षातून एकदा

पेन्शनरचा हयातीचा दाखला आता घरून होतो. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी हे दोन ॲप टाका, आधार, पीपीओ (पेन्शनच्या ऑर्डरचा) नंबर, बँक खातं आणि मोबाईल हाताशी ठेवा, चेहरा स्कॅन होतो. बाबांच्या बोटांचे ठसे झिजलेले, मशीनवर यायचेच नाहीत, चेहऱ्यानं दोन मिनिटांत झालं. खिडकीसमोर उजेडात बसवा, चष्मा काढा, मागे साधी भिंत. नोव्हेंबरमध्ये करायचं असतं, ८० आणि त्यावरच्यांना १ ऑक्टोबरपासून करता येतं. फोन नसेल तर पोस्टमन घरी येऊनही करून देतो, ७० रुपये लागतात.

वय ७० किंवा त्याहून जास्त असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. केंद्राची दुसरी आरोग्य योजना आधीच असेल तर दोन्हीतली एकच निवडावी लागू शकते, ते आधी विचारून घ्या.

महिन्याचा पहिला रविवार

पोहे झाले की आम्ही तासभर बसतो. मशीनचे सेल, सेन्सर लाईटचं चार्जिंग, ईएलसीबीचं बटन, फोनचे अपडेट, स्ट्रिपच्या तारखा. मग आई बाथरूममध्ये जाऊन खाली बसते आणि पिशवीतल्या फोनवरून काकूंना मिस्ड कॉल देते, काकू किल्ली घेऊन येतात, मी घड्याळ लावून पाहतो. मागच्या वेळी चार मिनिटं लागली. काकू आल्या की त्यांनाही पोह्यांची प्लेट, तर्री वेगळ्या वाटीत, कारण आईला तिखट बंद आहे.